आठ गुणिले पंचवीस

बर्डीवर मोटवानीच्या दुकानात
भरताची वांगी निवडावीत तशी
मी दुर्बीण निवडत होते.
"दस वाली लो मॅडम, शेर की मूंछ गिन लोगी."
दहाची उचलली, समोरच्या मिठाईवाल्याची पाटी धरली,
तर पाटी थरथरायला लागली.
पाटी कसली, हातच.
ट्रंकच्या बोर्डावर अठरा वर्षं कॉर्डा खोचल्या याच हातांनी,
एक नंबर चुकला नाही.
आता चहा न विचारता बशीत उतरतो.
वाघ दहापट जवळ येतो, खरं आहे,
पण हाताचा कंपही दहापट येतो
हे कुणी डब्यावर छापत नाही.

आठची घेतली.
आठ गुणिले पंचवीस.
पंचवीस म्हणजे पुढच्या काचेचं तोंड.
बेचाळीसवालीचं तोंड मोठं, तिन्हीसांजेला उजेड जास्त पिते,
पण ती गळ्यात घालून फुटाळ्याला चक्कर मारायची
म्हणजे गळ्यात भरलेला तांब्या बांधून फिरणं.
ही मुठीत मावते.

पट्ट्याचं विचाराल तर
डब्यातला पट्टा बुटाच्या नाडीचा चुलतभाऊ.
नागपूरचा मे, घामोळ्या, मानेवर पहिल्याच दिवशी लाल रेघ.
कय्यूमभाईकडे नातवाच्या जुन्या दप्तराचा पट्टा नेला.
"इतक्याशा चीजेला एवढा चौडा?"
म्हटलं, मान माझी आहे.
पाऊचचं वेल्क्रोही त्यांच्याकडूनच उसवून घेतलं,
कारण ते उघडताना असं फर्रकन वाजायचं
की हळद्या केव्हाच शेजारच्या कंपाउंडात.
आता टिचबटण आहे.
कधीकधी तेही वाजतं. असो.

चष्मा असेल तर डोळ्यांच्या वाट्या खाली दुमडायच्या.
मधली बिजागरी हलकेच मिटत न्यायची,
दोन गोल सरकत सरकत एकमेकांत शिरेपर्यंत.
डावा डोळा मधल्या चाकावर,
उजव्याची कडी वेगळी.
ती एकदाच लावायची आणि विसरायची.
माझी शून्याच्या किंचित डावीकडे बसते,
तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

जानेवारीत अंबाझरीच्या मागच्या बाजूला
इंदू बोरकुटे आली होती, माझ्याच बोर्डावरची, शेजारच्या खुर्चीतली.
पाण्यात चक्रवाक उतरले होते,
संत्र्याच्या सालीच्या रंगाचे, सात.
"दे ना इकडे," म्हणाली,
आणि मी सांगायच्या आत कडी फिरवली.
ठिपका ओलांडून.
मग आणखी.
मग अडेपर्यंत,
आणि अडल्यावरही अंगठा दाबतच राहिला.
"मस्त दिसून राहिले बाप्पा."
"किती आहेत गं?"
"असतील चारेक."
मग काचच धुरकट आहे म्हणाली,
पदराने पुसायला लागली, कापड पाऊचमध्ये असताना.
तिच्या घरच्यांना तरी माहीत आहे का, कोण जाणे.
स्कूटी तीच चालवत आली होती.

परत माझ्या हातात आली तेव्हा
कडी तशीच ठेवून, डावा डोळा मिटून मी पाहिलं.
पाणी नव्हतं, काठ नव्हता,
कुणीतरी ओल्या कागदावर बोटाने केशर ओढल्यासारखं काही.
तिला असंच दिसतं असं नाही, ते मला कळतं,
ते माझ्या डोळ्याचं आणि तिच्या कडीचं भांडण होतं.
तरी पाहत राहिले.

येताना स्कूटी मी चालवली.
"तुला येते का नीट?" तिने तीनदा विचारलं,
आणि रामनगरच्या चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर
मीच तिला सांगितलं, हिरवा झाला.
ती गप्प बसली. मग म्हणाली, "उजव्यानेच. डावा ठीक आहे."

घरी येऊन डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला.
पलीकडची मुलगी म्हणाली, होल्ड करा,
आणि मी होल्ड केलं, सरळ बसून, जुन्या सवयीने.
मंगळवार, सकाळी साडेदहा.
इतक्या वर्षांनी इंदूचा नंबर
मी लावून दिला.

ठिपक्यावर कडी अजून आणलेली नाही.
मंगळवारनंतर बघू.